किनाऱ्यावरची चोरी मोजायची कशी?



आमच्या कन्नडपासून समुद्र एका रात्रीच्या प्रवासावर आहे. दिवाळी झाली की आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली की इथल्या गाड्यांच्या काचांवर ‘गोवा दर्शन’, ‘कोकण दर्शन’ अशा पाट्या झळकू लागतात. चार-पाच कुटुंबं मिळून गाडी ठरवतात, डब्यांत दशम्या आणि चटण्या भरल्या जातात, आणि आयुष्यात विहिरीपेक्षा मोठं पाणी फक्त शिवना टाकळीच्या धरणात पाहिलेली माणसं अरबी समुद्राला पाय लावून येतात. परत आल्यावर आठवडाभर चहाच्या टपरीवर त्याच गोष्टी. काय पाहिलं, काय खाल्लं, खोलीचं भाडं किती. आणि शेवटी कुणीतरी हमखास म्हणतो, ‘आता तिथं पहिल्यासारखं राहिलं नाही बरं का. चोऱ्या फार वाढल्यात.’

हे वाक्य मी गेली वीस-पंचवीस वर्षं ऐकतो आहे. दर वर्षी चोऱ्या वाढलेल्याच असतात. एवढ्या वर्षांत त्या खरोखरच वाढत गेल्या असत्या तर आतापर्यंत कळंगुटच्या किनाऱ्यावर वाळूसुद्धा शिल्लक राहिली नसती. म्हणून आज मला एक साधा प्रश्न विचारायचा आहे. पर्यटनाच्या गावी भुरट्या चोऱ्या वाढल्या, हे आपल्याला कळतं कसं?

पोलिसांकडे नोंद असते, त्यावरून कळतं, असं आपण पटकन म्हणू. पण भुरटी चोरी नोंदीपर्यंत पोचते का, ते आधी पाहा. समुद्रापर्यंत जायचीही गरज नाही. आमच्या शेजारी खुलताबाद आहे. शनिवारी भद्रा मारुतीला जा, नाही तर जर जरी जर बक्ष यांच्या उरुसात जा. दर्शन घेऊन, फातेहा पढून माणूस बाहेर येतो तर चपला गायब. तो काय करतो? इकडेतिकडे पाहतो, दोन शब्द पुटपुटतो आणि अनवाणी एसटीकडे चालू लागतो. काही धाडसी भाविक समोरच्या ढिगातला बरा जोड पायात घालून निघतात, म्हणजे एका चोरीच्या दोन होतात. यातली एकही कधी कुठल्या रजिस्टरात आली असेल असं मला वाटत नाही. रजिस्टराच्या हिशेबानं खुलताबादेत चपला चोरीला जातच नाहीत.

किनाऱ्यावर हेच होतं, फक्त वस्तू महाग असतात. सहलीचा माणूस चार दिवसांसाठी आलेला. कपडे, पाकीट, मोबाइल सगळं वाळूवर ठेवून पाण्यात शिरतो. मोबाइल बुटात आणि बुटावर मोजा, ही युक्ती जगात आपल्यालाच सुचली असं प्रत्येकाला वाटत असतं. तासाभरानं येऊन पाहतो तर बूट आहे, मोबाइल नाही. गाडी संध्याकाळी सुटणार. ठाण्यात जायचं म्हणजे दोन-तीन तास मोडणार, पुढं ओळख पटवायला किंवा कोर्टात पुन्हा यावं लागेल ही धास्ती. कुणीतरी सल्ला देतो, ‘चोरी नका लिहू, गहाळ झाला असं लिहून द्या, लगेच दाखला मिळेल.’ सिमकार्ड मिळायला तेवढं पुरतं. माणूसही सुटतो आणि ठाण्याचीही डोकेदुखी जाते. चोरी होते आणि कागदावर वस्तू हरवते.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात बजावलं आहे. तरी व्यवहार काय होतो, याचा थोडा अंदाज २०१७ सालच्या एका पाहणीवरून येतो. आयडीएफसी इन्स्टिट्यूट या संस्थेनं मुंबई, दिल्ली, बंगळूरु आणि चेन्नई या चार शहरांत पोलिसांना न विचारता थेट लोकांच्या घरी जाऊन विचारलं. चोरी झालेल्यांपैकी एफआयआरपर्यंत पोचलेले शंभरात दहासुद्धा नव्हते. ही माणसं त्याच शहरात राहणारी, ठाण्यात पुन्हा जाऊ शकणारी. मग ज्याची गाडी सात वाजता सुटणार आहे, त्याचं काय?

गंमत अशी की हा नोंदीचा आकडा चोरांनी काहीही न करता वर-खाली होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले. आता घटना कुठंही घडलेली असो, दुसऱ्या गावच्या ठाण्यातही तक्रार देता येते. मोबाइलवरून किंवा संगणकावरूनही देता येते, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते. म्हणजे उद्या गोव्यात झालेल्या चोरीची तक्रार कन्नडला येऊनही देता येईल. याची लोकांना सवय झाली की नोंदी वाढतील. चोरीला गेलेला मोबाइल बंद पाडण्यासाठी केंद्र सरकारची जी सोय आहे तिच्यासाठी पोलिसांकडच्या तक्रारीची प्रत लागते, त्यानंही लोक ठाण्याकडे वळतात. परदेशी पाहुणा तर पूर्वीपासूनच वळतो, कारण पासपोर्टसाठी आणि विम्यासाठी त्याला कागद हवा असतो. मग वर्तमानपत्रात मथळा येईल, ‘किनाऱ्यावर चोऱ्यांत वाढ’. वाढ झाली असेल ती कागदात.

उलटंही होतं. त्याच नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये, पाच हजार रुपयांच्या आतल्या चोरीसाठी वेगळी तरतूद आहे. पहिल्यांदाच सापडलेल्या माणसानं माल किंवा त्याची किंमत परत केली तर त्याला तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा आहे. मला ही तरतूद आवडली, कारण बाराशे रुपयांच्या पाकिटासाठी एखाद्या पोराला तुरुंगात घातलं तर तो तिथून काय शिकून येईल ते सांगायला नको. पण पाच हजारांच्या आतली ही चोरी आता अदखलपात्र आहे. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. पर्यटकाची बहुतेक पाकिटं या मर्यादेच्या आतलीच. ती आता दखलपात्र गुन्ह्यांच्या आकड्यातून बाहेर पडतील, आणि पुढच्या एखाद्या अहवालावरून कुणी म्हणेल की चोऱ्या घटल्या.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे आपण सगळेच वापरतो. गुन्ह्यांची नोंद वाढणं आणि गुन्हे वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा इशारा हा विभाग स्वतःच देत आला आहे. पण आकडा छापून येतो तेव्हा इशारा गळून पडतो.

आणखी एक पेच आहे आणि तो मला सर्वांत मोठा वाटतो. गुन्ह्याचं प्रमाण आपण दर लाख लोकसंख्येमागं काढतो. ही लोकसंख्या कुणाची? तिथं राहणाऱ्यांची. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. २०२४ मध्ये तिथं आलेल्या पर्यटकांची सरकारी संख्या एक कोटीच्या पुढं गेली. पाकीट जातं पाहुण्याचं आणि भागाकार होतो गावकऱ्यांनी. मग गोव्याचा माणूस देशाच्या नजरेत अधिक चोरटा ठरतो. त्यानं बिचाऱ्यानं काय केलं?

अर्थात मीही हिशेब नीट केला पाहिजे. एक कोटी माणसं एकाच वेळी नसतात. प्रत्येक जण चार दिवस राहतो असं धरलं तर वर्षाचे चार कोटी मुक्काम-दिवस झाले. त्याला ३६५ नं भागलं की रोजचे सरासरी एक लाख दहा हजारांच्या आसपास पाहुणे येतात. साडेचौदा लाखांत हे काही फार नाहीत. पण ते डिचोली-सत्तरीच्या डोंगरात पसरत नाहीत. त्यातले बरेचसे कांदोळी, कळंगुट, बागा, हणजूण या बार्देशच्या किनारपट्टीवर दाटतात, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तर उभं राहायला जागा नसते. जुलैत तिथं लाटा असतात, शॅक उतरवलेले असतात आणि चोराला उचलायला ओल्या वाळूशिवाय काही नसतं. डिसेंबरची तुलना जुलैशी केली तर चोऱ्या वाढलेल्याच दिसणार. आपण बहुतेक जण डिसेंबरातच जातो आणि डिसेंबरवरूनच बोलतो.

मग माझं मत काय? गर्दी वाढली तेव्हा तिच्याबरोबर चोऱ्यांची संख्याही वाढली असेल, हे मला पटतं. पण हजार पाहुण्यांमागं पूर्वीपेक्षा जास्त लोक लुबाडले जातात, हे मला कुणी दाखवून दिलेलं नाही. ते दाखवायचं तर परतीच्या गाडीत बसणाऱ्यांना विचारावं लागेल, काय गेलं आणि तक्रार दिली का. इंग्लंडमध्ये १९८२ पासून पोलिसांच्या वहीवर अवलंबून न राहता लोकांनाच असं विचारतात. आपल्याकडं रेल्वे स्टेशनवर आणि बसस्टँडवर शंभर पोरं उभी केली तर महिन्याभरात निदान अंदाज येईल. हे काम अवघड नाही. ते कुणाला हवंसं वाटत नाही, एवढंच.

आता जे सांगतो ते आकड्यांचं नाही.

२०११ च्या डिसेंबरात मी सहकुटुंब गोव्याला गेलो होतो. किनाऱ्याचं नाव सांगत नाही. मी आणि माझा मेहुणा गुडघाभर पाण्यात उभे होतो. पत्नी आणि मुलगी वाळूत सतरंजीवर बसल्या होत्या. गळ्यात, हातावर माळा लटकवलेली एक लमाण बाई तिथं आली. तिच्याबरोबर सात-आठ वर्षांची पोर होती. माझी मुलगी तेव्हा नऊची. तिनं निळ्या मण्यांची एक माळ पसंत केली, सत्तर सांगितले, चाळीसला ठरली. पत्नीनं पिशवीतून सुटे काढून दिले. बाई पुढं गेली. नंतर शहाळी विकणारा आला, फोटो काढणारा आला, कुणाचा तरी चेंडू सतरंजीवर पडला आणि दोन पोरं तो घेऊन गेली. तासाभरानं माझं पाकीट पाहायला गेलो तर नाही. आत तीन हजार दोनशे रुपये आणि घराच्या किल्ल्या.

ठाण्यात गेलो. हवालदार मध्यमवयीन होता, वागायला बरा होता. त्यानं विचारलं, ‘तुमचा दुबाव कोणाचेर?’ मला कळलं नाही असं वाटून त्यानंच मराठी केलं, ‘संशय कुणावर?’

मी म्हणालो, ‘एक माळा विकणारी बाई आली होती.’

पत्नी माझ्याकडं पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, ‘तुमने देखा क्या उसको लेते?’ मी तिला गप्प केलं. शहाळीवाला मला आठवत होता, फोटोवाला आठवत होता, चेंडूवाली पोरं तर चांगल्या घरातली, मोटारीतून आलेली. त्यांतल्या कुणाचंच नाव माझ्या तोंडी आलं नाही.

अर्ध्या तासात तिला आणलं. तिचं गाठोडं टेबलावर उलटं केलं. माळा, आरशाचे तुकडे लावलेले बटवे, पायातल्या साखळ्या, एक पोळी फडक्यात गुंडाळलेली. पाकीट नव्हतं. तिला बाकावर बसायला सांगितलं. पोर तिच्या मांडीला बिलगून म्हणत होती, ‘याडी, याडी.’ ही हाक मी जन्मभर ऐकली आहे. कन्नड तालुक्यात तांडेच तांडे आहेत. बाजाराच्या दिवशी तांड्यावरच्या बाया येतात, त्यांची पोरं असंच आईला हाका मारतात. माझ्या वर्गात तांड्यावरची मुलं होती. सातशे किलोमीटर लांब येऊन मी नेमकी तीच हाक बाकावर बसवली होती.

गाडीची वेळ झाली. हवालदार म्हणाला, ‘पाहुण्यानो, गहाळ म्हणून लिहून देऊ?’ मी हो म्हणालो. निघताना पाहिलं तर ती टेबलावरच्या माळा एकेक करून मोजत परत फडक्यात बांधत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. कन्नडला येऊन आम्ही घराचं कुलूप तोडलं.

त्या वर्षीच्या चोरीच्या आकड्यात माझी चोरी नाही. त्या बाईचे तीन तासही कुठल्या आकड्यात नाहीत.

मला हे शोभत नव्हतं, आणि तेही दोन कारणांनी. संशयानं पाहिलं जाणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. देशात कुठं स्फोट झाला की परगावच्या लॉजच्या रजिस्टरात नाव लिहिताना व्यवस्थापकाचा हात थोडा थांबतो, खोली आहे की नाही ते तो पुन्हा एकदा पाहतो. त्या थांबण्यावर मी कविता लिहिल्या आहेत, लोकांनी टाळ्याही दिल्या आहेत. आणि दुसरं कारण माझं गाव.

१८२५ च्या सुमाराला कंपनी सरकारनं खानदेशातल्या भिल्लांना ‘ताळ्यावर आणण्यासाठी’ तीन एजन्स्या काढल्या. त्यांतल्या दक्षिणेकडच्या एजन्सीचं ठाणं आमच्या कन्नडला होतं. दुसरीकडं जेम्स आउट्रम भिल्लांचीच पलटण उभी करत होता. चाळीसगावकडं उतरणाऱ्या आमच्या घाटाला आजही त्याच्याच नावानं औट्रम घाट म्हणतात. सातमाळ्याच्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं एकाएकी ‘बंदोबस्ताचा विषय’ झाली. मग १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला. आधी उत्तरेत, नंतर तो पसरत गेला. त्यात जन्म हाच पुरावा. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांचा धंदा रेल्वेनं बुडवला, आणि ज्यांचा धंदा बुडाला त्यांनाच अनेक ठिकाणी हा शिक्का बसला. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात तो त्यासाठी. पण मागोमाग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि नजर तीच राहिली. ती नजर आतून कशी दिसते हे ज्यांना जाणून घ्यायचं असेल त्यांनी लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ वाचावं. १९८७ चं पुस्तक, पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी मिळालं. मी ते गोव्याला जाण्याच्या कितीतरी आधी वाचलं होतं, त्यावर एका कार्यक्रमात बोललोही होतो. पुस्तक वाचून काय होतं, असं विचारणाऱ्यांना मी आता जरा जपून उत्तर देतो.

त्या बाईनं पाकीट घेतलंच नसेल, असंही मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. मी पाहिलंच नव्हतं, घेताना नाही आणि न घेतानाही नाही.

आता तर किनाऱ्यावर माळा विकणं हेच गुन्ह्याच्या जवळ जाऊन बसलं आहे. पर्यटनस्थळांच्या संरक्षणासाठी गोव्यात २००१ चा एक कायदा आहे. किनाऱ्यावर पाहुण्यांना उपद्रव देणं, हवं तिथं विक्री करणं, मागं लागणं हे त्याखाली येतं. २०२५ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन दंडाची कमाल मर्यादा एक लाखापर्यंत गेली. पाहुण्यांच्या मागं लागणाऱ्यांचा त्रास होतो, हे मी नाकारत नाही. मलाही झाला आहे, मालिशवाला तर माझा हात धरूनच बसला होता. पण चाळीस रुपयांच्या माळेला लाखाच्या दंडाची भीती म्हणजे काय, याचा हिशेब कुणीतरी त्या बाकावर बसून करावा. आणि असे खटले जसजसे वाढतील तसतसं पुन्हा म्हणायला मोकळीक, पाहा, किनाऱ्यावर किरकोळ गुन्हे किती वाढलेत! ज्याची दोरी जवळ लोंबते त्याला धरायचं. आपल्याकडं म्हणच आहे, चोर सोडून संन्याशाला फाशी.

खऱ्या चोरांचा बंदोबस्त नको असं नाही. नव्या संहितेत हिसकावणं हा वेगळा गुन्हा केला आहे, टोळीनं केलेल्या भुरट्या चोऱ्यांसाठी कलम ११२ आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. टोळ्या असतात, गर्दीच्या मागं गावोगाव फिरतात, हे पैठणच्या नाथषष्ठीला गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे. त्यांना पकडावं. पण किनाऱ्यावरच्या बहुतेक चोऱ्या टोळीशिवायच होतात, कारण आपणच माल उघड्यावर मांडून पाण्यात जातो. दहा-वीस रुपयांत कुलूपबंद कप्पा, कपडे बदलायला खोली, अंधार पडल्यावर चार जास्तीचे दिवे, एवढं केलं तरी निम्मी कामं होतील असं मला वाटतं. आमच्या वेरूळला आणि पितळखोऱ्याला पर्यटक वाढवायचे बेत दर दोन वर्षांनी ऐकू येतात. पितळखोऱ्याला तर सामान ठेवायला जागा कुठंय हे विचारलं तर लोक झाडाकडं बोट दाखवतात. तिथंही उद्या कुणाची तरी पिशवी जाईल, आणि संशय कुणावर, असं कुणीतरी विचारेल. जवळच्या वस्तीवरच्या पोराचं नाव सांगायला किती वेळ लागणार?

निळ्या मण्यांची माळ अजून घरात आहे. मुलीचं लग्न झालं, ती घेऊन गेली नाही आणि पत्नीनं टाकूनही दिली नाही. शिवणाच्या डब्यात बटणांबरोबर पडलेली असते.

परवा शेजारचे गृहस्थ गोव्याहून आले. मुलाचा नवा मोबाइल गेला, सतरा हजारांचा. चहा घेता घेता म्हणाले, ‘फार वाढल्यात हो चोऱ्या.’ मी विचारलं, ‘कुणी घेतला असेल?’ ते म्हणाले, ‘त्याच बाया हो, दुसरं कोण.’ मी विचारलं, ‘पाहिलंत?’ त्यांनी बशीत चहा ओतला. ‘आणि तक्रार दिलीत का?’ म्हणालो.

‘नाही ना,’ ते म्हणाले, ‘गाडी सुटत होती.’